चार्टवर ६/९, पण सुईत दोरा जात नाही. मोतीबिंदूत "रोजचं दिसणं" मोजायचं कसं?

निळी_शाई

मंडळी, थोडं लांबणारे, आधीच सांगून ठेवते. आईला (वय ७२) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजव्यात जरा जास्त. परवा तपासणीला गेलो तर चष्म्यासकट उजवा ६/१२ आणि डावा ६/९ आला. डॉक्टर म्हणाले अजून थांबता येईल, त्रास व्हायला लागला की या. आईने लगेच मान डोलावली, "मला सगळं दिसतं हो, हिलाच घाई झालीये."

आता घरातलं ऐका. रविवारी शर्टाचं बटण लावायला बसली. दोरा ओला केला, चिमटीत पिळून टोक काढलं, सुई खिडकीकडे धरली, मग दिव्याखाली, मग परत खिडकीकडे, आणि दोरा दर वेळी नेढ्याच्या बाजूने पुढे जायचा. सात-आठ वेळा झाल्यावर म्हणते हल्ली सुयांना भोकंच नीट पाडत नाहीत. जिना उतरताना शेवटची पायरी आधी पायाने चाचपते, संपली का नाही ते बघायला. खिडकीकडे पाठ करून कोणी बसलं असेल तर आवाज येईपर्यंत ओळखत नाही. आणि हे तिला विचारलं की "काही त्रास नाही".

तर प्रश्न असा की चार्टवरचा आकडा चांगला आणि घरात ही तऱ्हा, तर मग हे रोजचं दिसणं मोजायची काही पद्धत असते का? की आपण नुसतं "बाई गं, तुला दिसत नाहीये" म्हणत भांडत बसायचं?

भिंगवाली

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, दिवसभर लोकांना चार्टसमोर बसवते, त्यामुळे आमच्या चार्टची बाजूही घेते आणि त्याची खोडही सांगते.

तो चार्ट मुळात स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांचा, १८६२ चा. ६/६ च्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून बघितलं की डोळ्याशी ५ मिनिटांचा कोन करतं (घड्याळाची मिनिटं नव्हे, अंशाचा साठावा भाग ते मिनिट), म्हंजे अक्षर जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर उंच. ६/१२ म्हणजे जे नॉर्मल डोळ्याला १२ मीटरवरून दिसतं ते तुमच्या आईंना ६ वरून दिसतं. पण बघा, तिथे काय काय असतं: पांढऱ्यावर काळंकुट्ट अक्षर, माणूस खुर्चीत स्थिर, समोरून उजेडाचा मारा नाही, आणि वेळ हवा तेवढा. लोक मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात, अंदाजाने ठोकतात, आणि आम्ही ते अक्षर मोजतो.

घरात असं कुठे असतं? राखाडी पायरीला राखाडी कड. चेहऱ्याला तर काळी बॉर्डर कोणी काढलेली नसते. मोतीबिंदूत भिंग गढूळ झालं की आत येणारा उजेड विखुरतो आणि सगळ्या चित्रावर धुकट पांढुरका थर बसतो. ठळक काळं अक्षर त्यातूनही वाचता येतं, फिकं मात्र पार पुसलं जातं. सुईचं नेढं आणि खिडकीकडे पाठ केलेला माणूस ही दोन्ही त्याचीच उदाहरणं, तुम्ही अगदी नेमकी टिपलीयेत.

यासाठी वेगळा चार्ट असतो, पेली-रॉब्सन, १९८८ चा. त्यात सगळी अक्षरं एकाच मोठ्या आकाराची, एक मीटरवरून वाचायची, फक्त दर तीन अक्षरांनी फिकी होत जातात, आधीच्या तिघांच्या साधारण ७० टक्के गडद. एका ठिकाणी माणूस म्हणतो "पुढे कोरा कागद आहे". तो कोरा नसतो. मी कित्येकांना जवळ बोलावून दाखवलंय, ६/९ वाले असतात आणि अर्धा चार्ट त्यांना कोरा असतो. पुढच्या वेळी "काँट्रास्ट आणि ग्लेअर बघाल का" असं नाव घेऊन विचारा. काँट्रास्ट म्हंजे हेच, फिकं नि गडद यातला फरक किती कळतो ते. ग्लेअर म्हंजे बाजूने प्रखर उजेड टाकून परत चार्ट वाचायला लावतात, काहींच्या तेव्हा दोन-तीन ओळी जातात.

खडूस_म्हातारा

वाचलं. पूर्वी डॉक्टर डोळ्यात बॅटरी मारून सांगायचे, पिकलाय, काढू, किंवा नाही पिकला, घरी जा. संपला विषय. आता काँट्रास्ट नि ग्लेअर नि उद्या प्रश्नपत्रिका सोडवायला लावाल. आकडा तो आकडा, त्यात "मला वाटतं" नसतं. काही लोकांना साधी डोकेदुखी झाली तरी ऑपरेशन हवं असतं, आणि काही जण पूर्ण आंधळे होईस्तो "छान दिसतंय" म्हणतात. अशांना विचारून तुम्ही काय मोजणार?

भिंगवाली

काका, पिकेपर्यंत थांबायचं हे जुन्या ऑपरेशनच्या काळातलं. आता भिंग आतल्या आत फोडून बारीक छेदातून ओढून घेतात, तिथे फार पिकलेला कडक मोतीबिंदू उलट त्रासाचा. आणि फक्त चार्टच्या आकड्यावरून ऑपरेशन अडवू नका असं इंग्लंडच्या नाईस या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय. बाकी प्रश्नपत्रिकेवर मी नाही बोलत, इथे त्यातले तज्ज्ञ आहेत, हाक मारते @आकडेमोड्या

आकडेमोड्या

हाक ऐकली, आलो. तज्ज्ञ वगैरे नाही, आकडेवारीचं काम करतो आणि काही वर्षं अशा प्रश्नावल्यांवरच होतो.

काकांचा आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर "विचारू नका" असं नसून "नीट विचारा" असं आहे. "त्रास होतो का?" हा वाईट प्रश्न, त्याला सगळे "नाही" म्हणतात. "औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं वाचताना, चष्मा लावूनसुद्धा, किती अडचण येते?" हा चांगला प्रश्न, कारण माणसाला बाटली डोळ्यासमोर आणावी लागते.

सगळ्यात गाजलेली प्रश्नावली व्हीएफ-१४, अमेरिकेत १९९४ ला आली. नावाप्रमाणे १४ कामं: बारीक छपाई वाचणं, पेपर किंवा पुस्तक वाचणं, मोठ्या अक्षरातलं वाचणं, जवळची माणसं ओळखणं, पायऱ्या दिसणं, रस्त्यावरच्या पाट्या, शिवणकामासारखं बारीक हातकाम, फॉर्म भरणं, पत्ते वगैरे बैठे खेळ, मैदानी खेळ, स्वयंपाक, टीव्ही, दिवसा गाडी चालवणं, रात्री गाडी चालवणं. प्रत्येकाला ४ ते ० मार्क. ४ म्हणजे काहीच अडचण नाही, ३ थोडी, २ मध्यम, १ खूप, ० म्हणजे दिसत नाही म्हणून करूच शकत नाही. जे काम माणूस मुळात करतच नाही ते गाळायचं. उरलेल्यांची सरासरी गुणिले २५, म्हणजे शंभरपैकी आकडा. ७६६ पेशंटवर तपासली होती, आणि "एकूण दिसण्याचा तुम्हाला किती त्रास आहे, किती समाधान आहे" याच्याशी या आकड्याचा संबंध चार्टच्या आकड्यापेक्षा जास्त जुळला.

खोट पण आहे हिच्यात. सगळ्या प्रश्नांना सारखंच वजन, सब घोडे बारा टक्के. माणसं ओळखणं जमत नाही आणि बारीक छपाई जमत नाही या दोन्ही एकाच तोलाच्या गोष्टी आहेत का? पहिली जमत नसेल तर डोळ्यांची अवस्था कितीतरी वाईट. रॅश नावाच्या डॅनिश गणितज्ञाची एक पद्धत आहे, त्यात कुठला प्रश्न किती अवघड ते उत्तरांवरूनच ठरतं आणि माणूस नि प्रश्न एकाच फुटपट्टीवर बसतात. ती लावून स्वीडनवाल्यांनी त्यांची कॅटक्वेस्ट प्रश्नावली छाटून २००९ ला नऊ प्रश्नांवर आणली, कॅटक्वेस्ट-९एसएफ. सात कामं आणि दोन सर्वसाधारण प्रश्न. त्यात दुकानात वस्तूवरची किंमत वाचणं आहे, खडबडीत जमिनीवर चालणं आहे, टीव्हीवरची अक्षरं आहेत. तिथे मोतीबिंदू ऑपरेशनांचं राष्ट्रीय रजिस्टर १९९२ पासून चालू आहे, आणि ऑपरेशनच्या आधी नि नंतर हीच नऊ उत्तरं घेऊन फरक बघतात.

घरी करायला व्हीएफ-१४ सोपी, साधा भागाकार आहे. निळी_शाईताई, करून बघा आणि मार्क इथे टाका.

उनाड_पाखरू

मध्येच घुसतोय. माझ्या बाबांना मोतीबिंदू सांगितलाय पण गेल्या वर्षापासून ते चष्म्याशिवाय मोबाईल वाचायला लागलेत! म्हंजे डोळे सुधारतायत ना? ते तर सगळ्यांना सांगत सुटलेत.

भिंगवाली

😀 नाही हो. भिंगाचा मधला गाभा कडक आणि पिवळट व्हायला लागला की डोळ्याला मायनस नंबर चढतो, त्यामुळे जवळचं विनाचष्मा दिसायला लागतं आणि लांबचं हळूहळू जातं. बाबांना लांबच्या पाट्या विचारा. निळा नि काळा मोजा वेगवेगळ्या उजेडात ओळखायला लावा. त्यांचा आनंद लगेच हिरावू नका, पण तपासणी करून घ्या.

आणि मोतीबिंदूच्या जागेवरून तक्रार बदलते. भिंगाच्या मागच्या बाजूला मध्यावर असेल तर भर उजेडातच जास्त त्रास होतो, कारण उजेडात बाहुली आकसते आणि नेमका तो डाग वाटेत येतो. अशी माणसं वाचायला सावलीत जाऊन बसतात आणि घरचे ओरडतात की दिवा लावा म्हणून.

रात्रपाळी

माझंही यातच घुसडतो. वय ५८, चार्टवर दोन्ही डोळे ६/६. रात्री गाडी चालवताना समोरून दिवे आले की प्रत्येक दिव्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा फुटतात आणि दोन-तीन सेकंद रस्त्याची कडा गायब. मी त्या वेळात ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि आठवणीने गाडी सरळ ठेवतो. हे लिहितानाच कळतंय की किती भयंकर आहे. तपासणीत विचारलं "काही तक्रार?" तर मी म्हटलं "रात्री थोडं चमकतं". थोडं!

भिंगवाली

वरचं जसंच्या तसं डॉक्टरांसमोर वाचून दाखवा, "थोडं चमकतं" हे शब्द काढून. आणि तोवर रात्रीची गाडी बंद, प्लीज. २००२ मध्ये अमेरिकेत मोतीबिंदूच्या २७७ पेशंटवरचा अभ्यास आला होता, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचं अपघाताचं प्रमाण न केलेल्यांच्या निम्मं निघालं.

निळी_शाई

केलं! आणि त्यातून जे निघालं त्याने मी दोन दिवस अस्वस्थ आहे.

पहिल्यांदा आईला प्रश्न वाचून दाखवले आणि ती म्हणाली तसं लिहिलं. गाडी चालवत नाही, दोन प्रश्न बाद. मैदानी खेळ बाद. शिवणकाम? "आता करत नाही." बाद. पत्ते? "आता नाही खेळत, कंटाळा येतो." बाद. फॉर्म? "ते भाऊ भरतो." बाद. उरले आठ. बारीक छपाई २, पेपर ३, मोठी अक्षरं ४, माणसं ३, पायऱ्या ३, पाट्या ३, स्वयंपाक ४, टीव्ही ३. बेरीज २५, भागिले ८, गुणिले २५ = ७८. मला वाटलं, अरे, बरंच चांगलं आहे की.

मग रात्री झोपताना डोक्यात आलं की "आता" करत नाही म्हणजे काय? सकाळी परत बसले आणि फक्त त्या तीनच प्रश्नांवर विचारलं, का सोडलं? शिवणकाम: "दोराच जात नाही." म्हणजे तो बाद नाही, शून्य आहे. पत्ते: थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली बदाम की चौकट ते पटकन कळत नाही, सगळे थांबून राहतात, लाज वाटते. कधी खेळलीच तर खूप अडचण, १. फॉर्म: रेघ सापडत नाही, सही वर-खाली जाते, म्हणून भावाला देते. १.

आता प्रश्न अकरा, बेरीज २७, भागिले ११, गुणिले २५ = ६१.

आधीचं एकही उत्तर बदललं नाही. ७८ वरून ६१.

कुंपणावरची

बदाम-चौकट वाचून गलबललं गं. दोन्ही लालच ना.

आकडेमोड्या

ताई, तुम्ही नेमकं दुखणं पकडलंत. प्रश्नावलीच्या नियमात "करत नाही" आणि "दिसत नाही म्हणून करत नाही" हे वेगळेच आहेत, पण विचारणारा घाईत असला की दोन्ही एकाच रकान्यात जातात. आणि मोतीबिंदू इतका हळू येतो की माणूस एकेक काम सोडत जातो आणि प्रत्येक वेळी कारण दुसरंच सांगतो, कंटाळा, वय, सुयांची भोकं. जितकी जास्त कामं सोडली तितका आकडा वर! ७८ वाल्या कागदावर तसंच झालेलं.

खडूस_म्हातारा

म्हणजे शेवटी मुलीने दुसऱ्यांदा खोदून विचारलं तेव्हा आकडा पडला. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर ५० वर आला असता. हे मोजमाप आहे का वकिली?

दुसरं, डोळ्याचा पडदा खराब असेल, काचबिंदू असेल, साधा चष्म्याचा नंबर चुकलेला असेल, तरी सुईत दोरा जाणार नाहीच. तुमचा ६१ मोतीबिंदूचा आहे हे कशावरून?

भिंगवाली

काकांच्या दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण मार्क. प्रश्नावली "किती" ते सांगते, "कशामुळे" ते नाही. म्हणून आधी नंबर नव्याने काढायचा, बाहुली मोठी करून पडदा बघायचा, डोळ्यांचा दाब बघायचा. आकडा खूप खाली आणि मोतीबिंदू किरकोळ असं दिसलं तर आम्ही दुसरीकडे शोधतो. अचानक दिसणं कमी झालं किंवा डोळा दुखून लाल झाला तर असले कागद भरत बसायचंच नाही, थेट डॉक्टर.

पायऱ्यांचा प्रश्न मात्र हलक्यात घेऊ नका. इंग्लंडमध्ये सत्तरीच्या पुढच्या ३०६ बायकांना दोन गटांत वाटून एका गटाचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात केलं, दुसऱ्याला नेहमीच्या यादीत वर्षभर थांबवलं. २००५ ला निकाल आला, पहिल्या गटात पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी.

आकडेमोड्या

आणि पहिल्या मुद्द्याला अर्धे मार्क काका 🙂 खोदून विचारलं ही चूक नाही, पण दोन्ही वेळा सारखंच खोदायला हवं. नंतर फरक बघायचा असेल तर आज जसं विचारलं तस्संच तेव्हा विचारा, तेच शब्द, तोच चष्मा, शक्यतो तीच उजेडाची वेळ. आजचा कागद जपून ठेवा.

निळी_शाई

(बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय.)

कागद घेऊन गेलो. डॉक्टरांनी तो खरंच वाचला, "फॉर्मची रेघ सापडत नाही" तिथे थांबले, मग ग्लेअर टेस्ट केली, उजव्या डोळ्याच्या तीन ओळी गेल्या. नंबर नवीन काढून बघितला, पडदा ठीक, दाब ठीक. उजव्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे झाले, काही त्रास नाही.

काल परत तेच अकरा प्रश्न. बारीक छपाई ३, पेपर ४, मोठी अक्षरं ४, माणसं ४, पायऱ्या ३, पाट्या ४, हातकाम २, फॉर्म ४, पत्ते ४, स्वयंपाक ४, टीव्ही ४. बेरीज ४०, म्हणजे ९१!

कुंपणावरची

वा वा वा! काकूंना पत्त्यांत कोणी हरवू नका आता.

खडूस_म्हातारा

अभिनंदन, मनापासून. पण ९१ वर माझा विश्वास नाही. ज्या मुलीने एवढी धावपळ केली तिनेच समोर बसून विचारायचं "आता दिसतंय ना?", कुठली आई नाही म्हणेल? दुसऱ्या कोणाला तरी विचारायला सांगा. तुम्ही त्या खोलीतही थांबू नका.

आकडेमोड्या

काका आज माझ्या नोकरीवर उठलेत, पण बरोबर आहे. स्वतः भरणं किंवा तिऱ्हाइताने विचारणं सगळ्यात बरं.

निळी_शाई

काका, राग आला होता पण केलं. मोठी अक्षरं करून प्रिंट काढली, आईच्या मैत्रिणीला दिली, मी बाहेर गेले.

८६. दोन उत्तरं बदलली. हातकाम २ चं १, कारण नेढं दिसतं पण दोरा नि नेढं पुढे-मागे आहेत ते कळत नाही म्हणे. आणि पायऱ्या ३ च्या २. मी विचारलं मला का नाही सांगितलंस, तर म्हणते, "तुला सांगितलं असतं तर मला एकटीला जिना उतरू दिला असतास का?"

भिंगवाली

दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीची आहेत. एक डोळा लख्ख आणि दुसरा धुकट, शिवाय दोन्हींच्या नंबरात आता फरक, त्यामुळे खोलीचा अंदाज चुकतो. दुसऱ्या डोळ्याचं विचारायला जाल तेव्हा चार्टवरचा आकडा बाजूला ठेवा, उजव्याने तो छानच येणार. ही दोन उत्तरं दाखवा. तोवर जिन्याच्या कडांना ठळक रंगाची पट्टी चिकटवा, शेवटच्या पायरीला आधी.

निळी_शाई

पट्टी आजच लावली, पिवळी. आई म्हणते जिना विद्रूप केलास. डाव्या डोळ्यासाठी पुढच्या आठवड्यात जातोय, कागद यावेळी तिच्याच पर्समध्ये आहे.